सव्वाअकराच्या आधीचं उत्तन

सोमवार

भाईंदर पूर्वेच्या आमच्या घरापासून उत्तन म्हणजे एक रिक्षा, स्टेशनचा पूल आणि एक बस. तिथे चार दिवस राहून आले असं सांगितलं की लोक विचारतात, "राहायला? उत्तनला?" आमच्या सोसायटीतले लोक तिथे रविवारी दुपारी जातात, किनाऱ्यावर फोटो काढतात आणि अंधार पडायच्या आत परततात. लहानपणी मीही दोनदा तशीच गेले होते. त्यानंतर गेली तीन वर्षं मात्र मी जवळजवळ रोज उत्तनला जात होते, पण वरून.

माझं काम नकाशे बनवायचं आहे. उपग्रहाने काढलेली चित्रं संगणकावर उघडायची, त्यात दिसणाऱ्या घरांच्या, रस्त्यांच्या, विहिरींच्या कडेने रेघ ओढायची आणि आत रंग भरायचा. मग ते सगळं वेबसाइटवर असं चढवायचं, की कुणालाही बोटाने सरकवत आपली गल्ली शोधता यावी. राखाडी म्हणजे घर, हिरवा म्हणजे झाडी, निळा म्हणजे पाणी आणि पिवळा म्हणजे मोकळी जागा. किनाऱ्याकडच्या भागाचा नकाशा शुक्रवारी महापालिकेला द्यायचा होता. सोबत पिवळ्या जागांची वेगळी यादी मागितली होती, कारण शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांसाठी पार्किंग कुठे करायचं ते तिच्यावरून ठरणार होतं.

देण्याआधी बारा ठिकाणं पायी जाऊन तपासायची असतात. हे काम नेहमी आमचा एक सहकारी करतो, जो अनोळखी माणसाशीही पाच मिनिटांत दोस्ती करतो. तो लग्नाच्या रजेवर होता. आमचे टीम लीड समीर सर सगळ्यांकडे बघत माझ्यापाशी थांबले. मी स्क्रीनकडे बघत राहिले. तरी मलाच जावं लागलं.

बस भाईंदर पश्चिमेतून निघून मुर्धे, राई, मोर्वा अशी गावं घेत जाते. वाटेतली मिठागरं मला पाठ आहेत. वरून ती मोठ्या खिडकीच्या तावदानांसारखी दिसतात, काही पांढरी, काही गुलाबी, काही काळपट. बसमधून पाहिलं तर नुसते मातीचे बांध होते आणि बांधांच्या मध्ये आभाळ पडलेलं. एक बगळा त्या आभाळात पाय रोवून उभा होता. मी तीन वर्षांत एकही बगळा पाहिला नव्हता. आमच्या चित्रांत बगळा मावत नाही.

उत्तनला उतरले आणि हरवले. मला इथल्या सगळ्या छपरांची ओळख होती आणि एकाही दाराची नव्हती. दारांवर नाताळचे कागदी तारे अजून लटकत होते, गल्लीच्या कोपऱ्यावर झेंडूचा हार घातलेला क्रूस होता, एका पायरीवर एक कोंबडी बसली होती. हातातल्या टॅबवर माझाच नकाशा उघडा होता आणि मी त्यात कुठे आहे हे निळा ठिपका सांगत होता. तरीही मला तो माझा नकाशा वाटेना. सगळं आडवं होतं ते उभं झालं होतं.

असं तासभर फिरले. मग अचानक एका वळणावर सगळं जागच्या जागी आलं. चर्चची सावली बाजूच्या अंगणावर नेमकी तेवढीच पडली होती जेवढी मला माहीत होती. विहिरीचा कठडा, माडांची रांग, शाळेची भिंत, सगळ्यांच्या सावल्या त्यांच्या ओळखीच्या जागी येऊन थांबल्या होत्या. मी घड्याळ पाहिलं. सव्वाअकरा.

हे इथे समजावून सांगायला हवं. आम्ही जी चित्रं वापरतो ती काढणारे उपग्रह आपल्याकडे साधारण एकाच वेळी येतात, सकाळी अकरा-सव्वाअकराला. रोज येत नाहीत, पण येतात तेव्हा त्याच वेळी. म्हणजे माझ्या उत्तनमध्ये तीन वर्षं सतत सव्वाअकराच वाजलेले होते. मला त्या वेळी गावात उभं राहून स्वप्नात ओळखीचं घर दिसावं तसं झालं. दहा मिनिटांत सावल्या सरकल्या आणि गाव पुन्हा परकं झालं.

बारापैकी सातवं ठिकाण किनाऱ्याला लागून होतं. वाळू आणि चिखल यांच्या मधला एक घट्ट, सपाट तुकडा, एका बाजूला दगडी बांध. नकाशात पिवळा. प्रत्यक्षातही तिथे काही नव्हतं, एक कुत्रा सोडला तर. मी समाधानाने टॅबवर बरोबरची खूण केली, बांधावरून पलीकडे उतरले आणि घोट्यापर्यंत चिखलात गेले. पाय वर आला. बूट आला नाही.

"बूट घालून चिखलात कोन जातं गो?" मागून आवाज आला. "चिखलाला बूट लय आवडतात."

बांधावर एक बाई जाळं मांडीवर घेऊन बसली होती. साठीची असेल. तिने माझ्यासाठी चिखलात हात घालून थोडं चाचपलं, मग हात झटकला. "गेला. आता एकच बूट घालून काय करशील? दुसरा पन दे त्याला." मग मला घरी नेलं, पायांवर पाणी घातलं आणि आपल्या मुलीच्या जुन्या चपला दिल्या. तिचं नाव फिलोमीना. सगळे फिलू म्हणतात, मी फिलू मावशी म्हणायला लागले. मुलगी लग्न होऊन वसईला गेलेली, नवरा बोटीवर.

"कोनाची तू?"

"भाईंदर ईस्टची."

"ईस्टला कोनाची?"

आमच्याकडे असं कुणी विचारत नाही. आमच्याकडे फ्लॅट नंबर विचारतात. मी वडिलांचं नाव सांगितलं, ते रत्नागिरीकडचे आहेत तेही सांगितलं. तिने मान हलवली, जणू ओळख पटली.

मग तिला टॅब पाहायचा होता. मी तिचं घर दाखवलं. तिने आपल्या छपरावर बोट ठेवलं, तर ते छप्पर मोठं होत गेलं आणि ती हसायला लागली. "कौलं बदलायला पायजेत," म्हणाली. मग बोट सरकवत किनाऱ्यापर्यंत गेली. "हे पिवळं काय?"

"मोकळी जागा. तिथे काही नाहीये ना, म्हणून."

फिलू मावशीचं हसू थांबलं. तिने खिडकीतून शेजारच्या घराकडे हाक मारली. "जसिंता! आयक गो. आपली टाकी मोकळी हाय, बोलते ही."

जसिंता तिची नणंद. ती हात पुसत दारात आली, तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मग आमी काय भुतं हाव?"

टाकी कुठली, तेच मला कळेना. तिथे टाकी नव्हती.

"पूर्वी पान्याची टाकी होती," फिलू मावशी म्हणाली. "आता टाकी न्हाय, नाव तेवढं हाय. पाहाटे ये. मग सांग मोकळी का ते."

पहाटे पाचला मी घरून तिथे पोचणं शक्य नव्हतं. तिने मुलीची खोली दाखवली. मी आईला फोन केला. आई म्हणाली, "तिथे आपलं कोण आहे?" मी म्हटलं, "ऑफिसच्या ओळखीचे." खोटं बोलताना माझा आवाज बारीक होतो, आईला ते माहीत आहे. ती एवढंच म्हणाली, "बरं. स्वेटर आहे ना?"

रात्रीचं जेवण सातला होतं. ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी. आमच्याकडे कालवणात नारळ वाटून घालतात, त्यामुळे रस्सा दाट आणि समजूतदार होतो. इथला पातळ, लाल, चिंचेचा, आणि तोंडात गेल्यावर कान गरम करणारा. मी तीन वेळा पाणी प्यायले. जसिंता पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली ती तेव्हा.

मंगळवार

पाच वाजता निघालो. गल्ली ओली होती, हवेत धूर आणि खारं काहीतरी. फिलू मावशी पुढे, डोक्यावर रिकामी पाटी. बांधाच्या वळणापर्यंत अंधार होता, आणि वळल्यावर एक गाव उभं होतं.

मी दुसरा शब्द शोधला, मिळाला नाही. जिथे काल कुत्रा होता तिथे रांगांनी बायका बसल्या होत्या. प्रत्येकीपुढे बॅटरी किंवा छोटा दिवा, आणि त्या उजेडात मासळी. बोंबील जेलीसारखे पारदर्शक, मांदेली सोनेरी, करंदीचे ढीग. होड्यांवरून टोपल्या उतरत होत्या, खांद्यावरून पाणी गळत होतं. कुणी बोली लावत होतं, कुणी बर्फ फोडत होतं. मधोमध एक चहावाली, तिच्या स्टोव्हचा निळा जाळ. रांगांच्या मध्ये वाटा होत्या, आणि त्या वाटांना नावंही होती. "होडीवाटेला बस," असं कुणी कुणाला म्हणालं. कुणाची जागा कुठली हे ठरलेलं होतं. फिलू मावशीने एका जागी पाटी ठेवली. "ही माझी. माझ्या आयची होती, तिच्या सासूची होती."

मी चहावालीपाशी उभी राहिले आणि मोजायचं विसरले. मला मोजायची सवय आहे, घरं, झाडं, होड्या. पण तिथे काही एका जागी थांबत नव्हतं. उजाडत गेलं तसे दिवे फिके पडले, मग रंग आले, मग माणसांना चेहरे आले.

आठला रिकाम्या टोपल्या एकात एक जाऊ लागल्या. बायका पाट्या उचलून बस आणि टेम्पोकडे निघाल्या. भाईंदरला, मिरा रोडला, दारोदार. आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली दहाला येऊन बसणारी बाई हे सगळं करून येत असणार, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. नऊला मागे राहिलेल्यांनी समुद्राच्या पाण्याने जागा धुतली. साडेनऊला तिथे फक्त ओल होती.

मी गेले नाही. बांधावर बसून राहिले. ओल कडांनी वाळत मध्याकडे आकसत गेली. आधी होडीवाट वाळली, मग फिलू मावशीची जागा. कुठूनतरी तो कुत्रा आला. सव्वाअकराला सगळं कोरडं, सपाट, पिवळसर झालं. डोक्यावर निरभ्र आभाळ होतं. ते चित्र मला तोंडपाठ होतं. मीच त्याला पिवळा रंग दिला होता.

समीर सरांना फोन केला. ते वाईट माणूस नाहीत. "फोटो काढलेस ना? जोड," ते म्हणाले.

"जोडले तर रंग बदलेल?"

"अगं, रंग नाही बदलत फोटोने. काँट्रॅक्टमध्येच आहे, लेयर म्हणजे हे रंग इमेजवरूनच भरायचे. जे इमेजमध्ये दिसत नाही ते नकाशात काढायचं नाही. मागे एकाने दुसऱ्याच गावचे फोटो जोडले होते, आठवतंय ना? किती ऐकावं लागलं."

"पण सर, ते यादीत जाईल."

"मग मला इमेज दे. कुठलीही. एक तारीख दाखव ज्यात तिथे काहीतरी आहे."

दुपारभर मी मावशीच्या ओट्यावर टॅब घेऊन जुन्या तारखा उघडत बसले. उन्हाळा, हिवाळा, पुन्हा उन्हाळा. प्रत्येक तारखेला सव्वाअकरा वाजलेले आणि टाकी मोकळी.

बुधवार

दर पाच दिवसांनी येणारा एक उपग्रह आहे. त्याची चित्रं फुकट मिळतात, पण जाडीभरडी असतात. दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद एवढी जमीन त्यात एकाच रंगाचा एक चौकोन होते. माणूस दिसत नाही, टोपली दिसत नाही. मोठं, फिकट, पसरलेलं काही असेल तर चौकोनाचा रंग बदलतो. तो उपग्रह गुरुवारी येणार होता.

हे मी सकाळी बाजार मोडायच्या आधी फिलू मावशीला सांगितलं. हळूच, तिच्या एकटीच्या कानात. तिने माझा दंड धरला आणि मला चहावालीच्या खोक्यावर उभं केलं. "सगळ्यांना बोल. मी काय बोलनार, मला तुझी बातमी समजत न्हाय."

मी शाळेत वर्गासमोर बोलायलाही घाबरायचे, आणि हे तर तीस-चाळीस बायकांसमोर. मला आठवतं की मी माझ्या बोटांकडे बघून बोलले. म्हणाले की वरून एक यंत्र फोटो काढतं, ते येतं तेव्हा तुम्ही निघून गेलेल्या असता, म्हणून नकाशात ही जागा मोकळी आहे, आणि मोकळ्या जागेवर गाड्या लावायचा विचार आहे. उद्या तुम्ही सव्वाअकरापर्यंत थांबलात आणि काही मोठं पसरून ठेवलंत तर कदाचित दिसेल. कदाचित.

"कदाचित?" जसिंता म्हणाली. "नऊची बस गेली की माझी गिऱ्हाइकं गेली. सव्वाअकराला कोन मासली घेतं? जेवन शिजून खाली उतरतं तवर. तुझ्या कदाचितला मी काय मीठ लावून सुकवू?"

काही बायका हसल्या. ती बरोबर बोलत होती. मी म्हटलं, "ढग आला तर तेही वाया जाईल." का म्हटलं माहीत नाही. खरं होतं म्हणून.

जसिंता बाकीच्यांकडे वळली. "निदान खोटं तरी बोलत न्हाय."

"एक दिस जाईल तर एक दिस," फिलू मावशी म्हणाली. "गाड्या लागल्या तर रोजचा जाईल."

मग चर्चा माझ्या हातातून सुटली. काय पसरायचं यावर वाद झाला. जाळी? जाळी काळी, दिसणार नाहीत, मी म्हटलं. जवळा सुकवायच्या ताडपत्र्या? लहान आहेत. शेवटी एकीने होड्यांवरच्या पांढऱ्या ताडपत्र्या सुचवल्या, पावसाळ्यात होडी झाकायच्या. त्या माळ्यावर घड्या करून ठेवलेल्या असतात.

संध्याकाळी मला एक गोष्ट टोचत राहिली. हे नाटक तर नाही ना? रोज नऊला उठणारा बाजार मी अकराला बसवतेय. मावशी बोंबील वलांडीवरून, म्हणजे सुकवायच्या बांबूच्या मांडवावरून, काढत होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "लग्नात फोटोवाला उशिरा आला तर नवरा-नवरी परत हार घालतात. मग काय लगीन खोटं?" मी तिच्या हातातून एक टोपली घेतली. त्या रात्री मी ठरवलं की नोंदीत खरी वेळ लिहायची: पहाटे पाच ते नऊ. आणि गुरुवारी बाजार मुद्दाम थांबला होता हेही.

गुरुवार

नऊची बस रिकामी गेली. तिच्यामागून वीसेक बायका बघत राहिल्या. बाकीच्या आठलाच गेल्या होत्या, त्यांना जावंच लागलं असणार. जसिंता थांबली होती. "मी कोनासाठी थांबली न्हाय," ती मला म्हणाली, "माझी ताडपत्री हाय म्हनून."

ताडपत्र्या आल्या, उलगडल्या, त्यांतून मागच्या पावसाचा कुबट वास आणि दोन पाली निघाल्या. कडांना दगड ठेवले. बायका त्यांच्या-त्यांच्या जागीच बसल्या, टोपल्या पुढ्यात, मासळीवर ओली फडकी. आता रांगांच्या खाली सगळं पांढरं होतं, जणू कुणी जमिनीवर आभाळाचा तुकडा अंथरला. ऊन त्यावरून उसळून सगळ्यांच्या हनुवटीखालून येत होतं. कुणी गाणं म्हणत होतं, कुणी डोळे मिटून बसलं होतं. मी फिलू मावशीच्या शेजारी होते. मला वाटलं, मी चित्राच्या तळाशी बसलेय.

अकराला समुद्रावरून एक ढग निघाला. फार मोठा नव्हता. तो सावकाश आमच्याकडे येत होता आणि त्याची सावली पाण्यावरून त्याच्या पुढे चालत होती. एकीने छातीवर क्रूसाची खूण केली. सावली खडकांपर्यंत आली, मग किनाऱ्याला लागून वर वसईकडे गेली की खाली गोराईकडे, मी सांगू शकत नाही, कारण मी घड्याळाकडे बघत होते.

सव्वाअकरा झाले. आणखी वीस मिनिटं गेली. काहीच झालं नाही. आवाज नाही, चमक नाही.

"आला?" जसिंताने विचारलं.

"गेला."

"एवढंच?" तिने वर पाहिलं. "मी पावडर लावून आली होती."

शुक्रवार

घरी, भाईंदर पूर्वेला. पायात अजून त्याच चपला होत्या. सकाळी सातला चित्र आलं. ढग होता, पण उत्तरेला, पाण्यावर. किनाऱ्याची तपकिरी पट्टी सरकवत टाकीपर्यंत गेले.

चार चौकोन. दोनावर दोन. बाकी सगळी पट्टी मातकट आणि हे चार फिके, जवळजवळ पांढरे.

मी आदल्या तारखेचं चित्र शेजारी ठेवून समीर सरांना पाठवलं आणि सगळं जसं घडलं तसं लिहिलं, ताडपत्र्यांसकट. मग त्यांचा फोन आला. "आणखी एकदा सांग, बायका थांबल्या? धंदा सोडून?"

"हो सर."

"बरं," ते म्हणाले. "दिसतंय ते. नकाशात काढ."

मी पिवळा रंग पुसला. जागेच्या प्रकारात 'बाजार' निवडलं, नावाच्या रकान्यात 'टाकी' लिहिलं, शेऱ्यात वेळ लिहिली. पिवळ्या जागांच्या यादीतून एक ओळ गेली. पुढे गाड्या कुठे लावतील हे मला माहीत नाही. इतकंच की नकाशा उघडून कुणी तिथे बोट ठेवलं, तर आता काहीतरी लिहून येतं.

मग मी फिलू मावशीला फोन केला. मागे जसिंताचा आवाज येत होता.

"दिसलो काय गो?"

"दिसलात."

"खरं?" तिने तोंड फिरवून कुणाला तरी ओरडून सांगितलं. मग पुन्हा फोनवर आली, आवाज उतरवून. "मी कंची त्यात?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. चार चौकोन होते, आणि प्रत्येकात पाच-सहा बायका विरघळलेल्या.

"वरच्या ओळीत, डाव्या हाताचा चौकोन," मी म्हटलं. "त्याच्यात मी पण आहे. तुमच्या शेजारीच."

"मग जरा सरकून बस," फिलू मावशी म्हणाली. "माझी पाटी हाय तिथे."